करडीचं तेल आणि गवताचा गाडा

मुलांनो,

परवा रविवारी फोनवर तुम्ही मला तुमच्या घरामागची शेड दाखवलीत. कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र उलटं पडलं होतं, त्याची पाती तांबूस झाली होती आणि तुमचे बाबा मागून सांगत होते की आता हे टाकून द्यायचं, नवीन आणायचं. तेवढ्यात थोरलीनं विचारलं, "आजी, तुमचं यंत्र तर बाबांच्या वयाचं आहे. ते कसं नाही गंजलं?" मी म्हटलं, लिहून कळवते.

तुमच्या बाबांना वाटलं असेल, नेहमीप्रमाणे यादी येईल. यादी मी केलीसुद्धा. पण वाचून पाहिली तेव्हा लक्षात आलं की तिच्यातली निम्मी कलमं माझी नाहीतच, तुमच्या पणजीची आहेत. ती माझ्याकडे कशी आली हे न सांगता पाठवणं मला बरं वाटेना. शिवाय हे सगळं घडलं तेव्हा थोरली नुकतीच जन्मली होती, म्हणून तिला हे माहीत असायला हवं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा.

तुमचे आजोबा विष्णुपुरीला कॉलेजात वर्कशॉप शिकवायचे. आम्ही नांदेडला घर बांधलं तेव्हा पुढे थोडी जागा राहिली. चार बाजा टाकल्या तर भरून जाईल, एवढीच. तिथे त्यांना हिरवळ हवी होती. शेजाऱ्यांनी सुचवलं, मेथी लावा, कोथिंबीर लावा. आजोबांनी हिरवळच लावली. त्यांचे एक सहकारी नांदेड सोडून हैदराबादला गेले, त्यांच्याकडून हे यंत्र आमच्याकडे आलं. याला इंजिन नाही. दोन चाकं, मधे पाच वाकडी पाती आणि ढकलायला लांब दांडा. ढकललं की पाती फिरतात आणि किर्र असा आवाज येतो. तुमचे बाबा लहानपणी या आवाजानं झोपेतून उठून बाहेर यायचे.

आता माझ्याबद्दल. माझं शिक्षण हैदराबादला, इंग्रजीतून, वसतिगृहात झालं. तिथे चादरीच्या घड्यासुद्धा तपासल्या जात. ती शिस्त माझ्या अंगात राहिली. डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटांना क्रमांक, आणि दिसेल ते धुणं. आजोबा म्हणायचे, ही माणसं सोडून सगळं धुते. गवत कापून झालं की मी यंत्रही नळाखाली धरायची. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की स्टीलच्या पेल्यावर पांढरे डाग पडतात, पण ते मला कधी सुचलं नाही. धुऊन झालं की वरवर पुसायचं, जाड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचं आणि सुतळीनं घट्ट बांधायचं. दुकानातून आणल्यासारखं दिसायचं.

उन्हाळ्यात त्याला काही होत नसे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडच काय, माणूसही ओला राहत नाही. पण पावसाळा संपला की पात्यांवर नारिंगी ठिपके दिसायचे. मी कधी हवेला दोष द्यायची, कधी यंत्राच्या जुनेपणाला. आजोबा पॉलिश पेपर घेऊन बसायचे आणि घासत राहायचे. त्यांना कारण माहीत असणार, पण ते बोलत नसत. त्यांचं न बोलणं म्हणजे माझं बरोबर आहे, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले.

तुमची पणजी म्हणजे आजोबांची आई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही आत्याबाईच म्हणत असे. त्या रेणापूरजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. बरोबर एक पेटी आणली होती, आणि एका फडक्यात गुंडाळलेलं खुरपं. ते त्यांच्या हातातलं लग्नानंतरचं पहिलं खुरपं होतं. झिजून झिजून अर्ध्यावर आलेलं, पण पातं आरशासारखं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवळ पाहिली. खाली वाकून एक काडी उपटली, बोटांत फिरवली आणि आजोबांकडे बघून म्हणाल्या, "अख्खी जिंदगी मी हराळी उपटली रानातली. अन् तुम्ही तिला पाणी घालून वाढवून राहिलात."

तरीही रोज सकाळी त्या हिरवळीवर बसत आणि खुरप्यानं लव्हाळा काढत. यंत्राला त्या गाडा म्हणत. काम झालं की खुरपं मातीत दोनदा आपटत, कोरड्या फडक्यानं पुसत, मग तेलाचं फडकं त्यावरून फिरवत आणि व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवून ठेवत, उघडं, वाऱ्यावर. तेल करडीचं, गावच्या घाण्यावरचं. मी हे कितीतरी वर्षं रोज पाहिलं. खुरप्याला गंज नाही आणि यंत्राला आहे, हे दोन्ही मला दिसत होतं. पण त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. खुरपं ही शेतातली वस्तू, यंत्र ही शिकलेल्या माणसांची वस्तू, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. लिहायला आज लाज वाटते, पण तसंच होतं.

मग थोरलीच्या जन्माची वेळ आली आणि आम्ही दोघं तिकडे यायला निघालो. जूनमध्ये निघून सप्टेंबरअखेर परतायचं, म्हणजे सगळा पावसाळा घर आत्याबाईंच्या भरवशावर. निघण्याआधी मी यंत्र धुतलं, प्लास्टिकमध्ये बांधलं, सात गाठी मारल्या आणि व्हरांड्यात उभं केलं. झाडं छाटायची मोठी कात्रीही त्याच दिवशी, तशीच धुऊन, तशीच बांधून माळ्यावर टाकली. मग फ्रिजवर सूचनांची यादी चिकटवली. चौथी सूचना अशी होती: यंत्राचे आवरण कोणत्याही कारणास्तव उघडू नये.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. ते मला माहीत होतं. तरीही मी यादी लावली आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं की आठवड्यातून एकदा वाचून दाखवा.

तुमच्याकडचे ते तीन महिने मी कधीच विसरणार नाही. थोरली माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावायची. पण ती गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी समोर बसून सांगेन.

परत आलो ती दुपारची वेळ. प्रवासानं डोकं जड झालं होतं. आत्याबाई फाटकातच उभ्या होत्या. आत शिरताना माझी नजर व्हरांड्यात गेली. प्लास्टिकची घडी करून कठड्यावर ठेवलेली, सुतळीची गुंडी तिच्यावर. यंत्र उघडं. सबंध यंत्रावर काकवीच्या रंगाचा एक थर, हात लावला तर किंचित चिकट. मी दांडा धरून ढकललं. चाकं हललीच नाहीत. पाती जागच्या जागी घट्ट.

आत्याबाई माझ्या मागे येऊन थांबल्या होत्या. आता कळतं, मी काहीतरी चांगलं बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मी वळून म्हणाले, "आत्याबाई, यंत्रातलं तुम्हाला काय कळतं? हा काही तुमचा विळा नाही."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "हाव," एवढंच म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

तीन दिवस त्या नेहमीसारख्याच वागल्या. थोरलीचे फोटो चष्मा लावून पाहिले, नाक कोणावर गेलंय ते ठरवलं. चौथ्या दिवशी आजोबांना म्हणाल्या, रानात सोयाबीन निघायला आलंय, गावाकडं तुझ्या थोरल्या भावाला मदत होईल, मला गाडीत बसवून दे. त्या वयात त्यांना कोणी सोयाबीन काढायला लावणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत तरी थांबा. त्या हसल्या आणि पेटी भरू लागल्या.

आजोबा त्यांना लातूरच्या बसमध्ये बसवून आले, व्हरांड्यात चपला काढताना थबकले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "माय खुरपं घेऊन गेली."

खिळा रिकामा होता. आत्याबाई याआधी गावाला गेल्या की खुरपं इथेच राहायचं. पेटी न्यायच्या, पांघरूण न्यायच्या, खुरपं कधी नेलं नव्हतं. त्या परत येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं. मला रडू आलं नाही. मी फ्रिजवरची यादी काढून फाडून टाकली, आणि त्यानंही काही बरं वाटलं नाही.

आजोबांनी यंत्र उघडलं. चाकांच्या आत, बेअरिंगमध्ये तेल वाळून खळीसारखं घट्ट झालं होतं. करडीच्या तेलाचा तो गुणच आहे, ते उडून जात नाही, हवेत वाळतं आणि त्याची साय धरते. त्यांनी आतले भाग दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, मग काडीनं कोरून साफ केले. चाकं पुन्हा फिरू लागली. पात्यांवरची साय पुसून त्यांनी मला हाक मारली आणि दाखवलं. सबंध पावसाळा गेला होता आणि एक ठिपका नव्हता. मी म्हटलं, बांधून ठेवलं होतं ना मी. ते काही बोलले नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पुजतात. आजोबांचे पाने, हातोडी, विळी, यंत्र, सगळं ओळीनं मांडायचं. त्या सकाळी मी स्टुलावर चढून माळ्यावरची कात्री काढली. मी बांधलेल्या गाठी तशाच होत्या, कोणी हात लावला नव्हता. सोडल्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूनं तपकिरी पाण्याचे ओघळ वाळलेले होते. कात्रीची दोन्ही पाती गंजानं एकमेकांना धरून बसली होती. दोन्ही हातांनी ओढलं तरी उघडेना.

एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच पाण्यानं धुऊन मी दोन वस्तू बांधल्या होत्या. एक आत्याबाईंनी उघडली, दुसरी त्यांच्या हाताला आली नाही. मी कात्री मांडीवर घेऊन बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. आजोबांनी एकदा कात्रीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या दिवशी त्यांचं न बोलणं मला पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला शेजारच्या काकू आल्या. त्यांना मी विचारलं, तेव्हा सगळं कळलं. ऐन पावसात आत्याबाईंना प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब दिसले होते. त्यांनी काकूंना बोलावून चौथी सूचना दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "लिहिणारीला घाम न्हाई दिसला. गाड्याला आतून घाम फुटलाय." आणि एकेक गाठ सोडली. सुतळी कापली नाही, मला ती पुन्हा लागेल म्हणून. यंत्र कोरडं केलं, पावसानं उघडीप दिली तसं दिवसभर उन्हात ठेवलं आणि गावाहून आणलेलं तेल लावलं. त्यानंतर त्यांना स्वतःच्या खुरप्यासाठी तेल उरलं नाही. ते त्या साध्या कोरड्या फडक्यानं पुसत होत्या, असं काकूंनी सांगितलं.

मी आजोबांना म्हटलं, मी रेणापूरला जाते, एकटी. त्यांनी एसटीचं वेळापत्रक काढून दिलं.

कात्री कापडी पिशवीत घालून मी निघाले. चाकूरला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, मी बसूनच राहिले. काय बोलायचं याची मनात वाक्यं जुळवत होते. मी पस्तीस वर्षं मुलांना वाक्यं करायला शिकवली, पण त्या दिवशी एक वाक्य धड होईना.

लातूरला गाडी बदलून गावात पोचले. आत्याबाई अंगणात बसून शेंगा निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, पण बाजूचं पोतं थोडं सरकवलं आणि म्हणाल्या, "उन्हाची आलीस. पाणी पी आधी."

पाणी प्यायले. मग कात्री काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "आत्याबाई, माझं चुकलं. गाडा तुम्ही वाचवलात. ही मी बांधून ठेवली होती."

त्यांनी कात्री उचलली, उलटीसुलटी केली, नखानं गंज खरवडला. रागावल्या नाहीत. एखाद्या आजारी लेकराकडे बघावं तसं त्या कात्रीकडे बघत होत्या.

"तू लई झाकतीस, पोरी," त्या म्हणाल्या. "लोखंडाला बी वारा लागतो. कोंडलं की ते आतल्या आत खराब होतंय."

मी मान हलवली. मग त्याच पुन्हा बोलल्या, शेंगा निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. "चाकाच्या आत तेल घातलं, ते मात्र माझं चुकलं. मला काय ठाऊक. विळ्याला चाक कुठं असतंय?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे हसत होते. मला आधी हसू आलं आणि मग रडू. त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. म्हणजे पुरे झालं, आता कामाला लाग.

दोन दिवस मी तिथे राहिले. कात्री त्यांनी केली नाही, माझ्याकडून करून घेतली. राख आणि विटेचा चुरा, त्यानं घासायचं. सांध्यात थेंब थेंब रॉकेल. जाऊबाई येता-जाता म्हणायच्या, मास्तरीणबाईंची परीक्षा चाललीय. माझे हात काळे झाले, नखं तुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी कात्री करकरत उघडली. आत्याबाईंनी तेलाचं फडकं माझ्या हातात दिलं. तेल चोळायचं, लावायचं नाही, हे त्यांनी तेव्हा दाखवलं. इतकं पातळ की लावलंय हे कळू नये. उन्हात वाळू द्यायचं, मग दुसरा हात. त्यांनी गाड्याला जाड थर दिला होता, तो घाईनं आणि काळजीनं.

त्या परत कधी येणार, हे मला विचारवेना. निघताना त्यांनी आपणहून सांगितलं, "येळवस झाली की येते. रानात पूजा झाल्याबिगर मला निघता येत न्हाई."

येळवस म्हणजे पौषाच्या आधीची अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी सगळं घर रानात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा करतं आणि तिथेच जेवतं. तोवर अजून दोन-अडीच महिने होते. मला ते टाळणं वाटलं आणि माझा चेहरा पडला असावा. कारण त्या आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं खुरपं घेऊन आल्या. माझ्या पिशवीत कात्रीच्या शेजारी ते ठेवून म्हणाल्या, "हे घेऊन जा फुडं. खिळ्याला अडकव. झाकू नको."

घरी पोचल्यावर मी हातपाय धुण्याआधी खुरपं खिळ्याला अडकवलं. आजोबा खुर्चीत बसून बघत होते. ते उठले आणि त्यांनी चहा केला.

येळवस झाली आणि आत्याबाई आल्या, करडीच्या तेलाचा डबा घेऊन. त्यानंतर सहा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, त्या आमच्याकडे होत्या. कामाची वाटणी ठरून गेली. चाकांना मशीनचं पातळ तेल, ते आजोबांचं काम. पात्यांना करडीचं, ते आत्याबाईंचं. कोरड्या ब्रशनं गवत झाडायचं, ते माझं. नळाखाली धुणं बंद. खंडेनवमीला विभूतीचे पट्टे आणि हळद-कुंकू फक्त लाकडी दांड्याला, पात्याला नाही, आणि ओली फुलं संध्याकाळच्या आत उचलायची, हा नियम मी घातला. तो त्यांनी मान्य केला. एवढी एक सूचना माझी चालली.

प्लास्टिकऐवजी त्यांनी स्वतःच्या जुन्या इरकलीचा तुकडा दिला. सुती कापड धूळ अडवतं आणि हवा जाऊ देतं. आणखी एक गोष्ट त्या न चुकता करत. तेलाचं फडकं कधी चुरगळून ठेवत नसत, अंगणातल्या दगडावर पसरून वाळवत. आजोबा म्हणतात, ते अगदी बरोबर होतं, असं फडकं गोळा करून कोंडलं तर तापून पेटू शकतं. त्यांना ते कोणी सांगितलं होतं, आम्ही कधी विचारलं नाही.

तुमच्या शेडमधलं यंत्र टाकू नका. त्याला इंजिन आहे, तेव्हा बाबांनी इंजिनाचा स्पार्क प्लग काढून ठेवल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. मग वाळलेलं गवत खरवडा, घासा, कोरडं करा, पातळ तेल चोळा. जमिनीवर टेकवू नका, खाली फळी ठेवा. तिकडे करडीचं तेल मिळतं, बाबांना इंग्रजी नाव माहीत आहे. आणि शेडची खिडकी थोडी उघडी असू द्या.

आता आजोबांचे गुडघे चालत नाहीत, म्हणून गाडा मी ढकलते. ते व्हरांड्यात बसून आवाज ऐकतात आणि कोणत्या चाकाला तेल हवं ते सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतं.

गाडा चालतो. कात्रीच्या पात्यांवर खड्डे राहिलेत, पण ती उघडते आणि कापते. इरकलीचा काठ विटलाय, कापड शाबूत आहे. खुरपं खिळ्याला आहे, उघडं, आणि त्याला गंज नाही.